ताप नाही

वहिनीने फोन ठेवला आणि तिच्या लक्षात आलं, की आता नणदेला घरात थोपवून धरणं आपल्या हातचं राहिलेलं नाही.

फोन थिएटरच्या मॅनेजरचा होता. बोलणं साखरेत घोळवलेलं. आत्यांनी आता नुसता आराम करावा, जिवापेक्षा नाटक मोठं नाही, कोटाचं उरलेलं काम आपण दुसऱ्या एका टेलरकडून उरकून घेऊ, असं सगळं तो सांगत होता. नणदेने, म्हणजे आत्याने, स्पीकर आधीच चालू करायला लावला होता. ती पलंगावर बसून शांतपणे ऐकत राहिली. फोन बंद झाल्यावर उठली, कपाटातून मोजपट्टी काढून गळ्यात टाकली आणि म्हणाली, "रंगीत तालमीला मी जाणार."

आत्या ही खरं तर वहिनीच्या मुलांची आत्या. मुलं मोठी झाली, आपापल्या वाटेने दूर गेली, पण नाव चिकटलं ते चिकटलं. थिएटरच्या कपडेपटात मुख्य नटापासून झाडणाऱ्या बाईपर्यंत सगळे तिला आत्याच म्हणत. एकटी वहिनी तेवढी लग्न होऊन आल्यापासून तिला 'वन्सं' म्हणायची आणि अहो-जाहो करायची. नणदेने मात्र पहिल्या दिवसापासून तिला 'अगं वहिनी' केलं. घरात सासू होती तोवर आत्याने वहिनीच्या चहाड्या करायची एक संधी सोडली नव्हती. दूध उतू गेलं, सांगितलं. माहेरी फोन लांबला, सांगितलं. पुढे सासू गेली, दादाला, म्हणजे वहिनीच्या नवऱ्याला, परगावची नोकरी लागली, मुलं पांगली, आणि घरात या दोघीच एकमेकींना टोमणे मारायला उरल्या. दोघींनाही त्याची इतकी सवय झाली होती, की एक दिवस टोमणा चुकला तर दुसरी विचारायची, बरं नाही का.

आत्याच्या छातीत गाठ निघाली, ती काढून झाली, आणि आता केमो चालू होती. डोक्यावरचे केस गेले. तिने त्याचं फार मनाला लावून घेतलं नाही. अस्तराच्या उरलेल्या तुकड्यांच्या टोप्या शिवल्या आणि रोज कपड्यांना शोभेल अशी चढवू लागली. मनाला लागलं ते दुसरंच. लोक तिच्याशी हळू आवाजात बोलायला लागले होते. तिच्या देखत तिच्या कामाची वाटणी करायला लागले होते.

आणि हा कोट काही साधा नव्हता. नाटकात एक न्यायाधीश असतो, तो भर रंगमंचावर, प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर, भिकारी होतो. काळा, भारदस्त कोट एका क्षणात गळून पडायचा आणि आतून चिंध्यांचा अंगरखा निघायचा. आत्याने सगळ्या मोठ्या शिवणी उघड्या ठेवून त्या एका आतल्या दोऱ्यात ओवल्या होत्या. नटाने काखेतली गाठ ओढली, की दोरा सरकन निघावा आणि कोटाचे तुकडे पायाशी पडावेत. दोरा कुठून कसा फिरतो हे फक्त तिला माहीत होतं. दुसऱ्याची कात्री त्याला लागली की संपलं, आणि आपणही संपलो, असं तिने मनाशी धरलं होतं.

वहिनीच्या डोक्यात वेगळंच घोळत होतं. केमोच्या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरने तिला बाजूला बसवून नीट समजावलं होतं. माणसाला कोंडून ठेवायचं नाही. हवेशीर जागी फिरू द्यायचं, मास्क लावायचा, हात धुवायचे, सर्दी-खोकल्याच्या माणसाला लांब ठेवायचं. पण औषध दिल्यानंतरचा दुसरा आठवडा जपायचा, कारण तेव्हा रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असतात आणि साधा जंतूही जिवावर उठू शकतो. थर्मामीटरचा आकडा शंभराच्या वर गेला की विचार करत बसायचं नाही, तडक यायचं. आणि कुणाला न विचारता तापाची गोळी द्यायची नाही. गोळीने ताप झाकला जातो, आजार आत वाढतच राहतो.

तालीम नेमकी त्या दुसऱ्या आठवड्यात आली होती.

वहिनीने अटी घातल्या. मॅनेजरला उलटा फोन करून वदवून घेतलं, की मागच्या दाराने नेणार, वेगळी खोली देणार, खिडक्या उघड्या ठेवणार, आणि आत फक्त नट येणार, तोही मास्क लावून आणि हात धुऊन. आत्याने खुर्चीवरून उठायचं नाही. टाचण्या वहिनी लावेल, आत्या नुसती सांगेल. आत्या सगळ्याला हो म्हणाली. इतक्या पटकन हो म्हणाली, की वहिनीने सगळ्या अटी तिच्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतल्या.

टॅक्सीच्या काचा खाली करून, वाऱ्यात आत्याची टोपी सांभाळत दोघी थिएटरला पोचल्या. मागचं दार उघडलं आणि वहिनीने पाहिलं तर आख्खा कपडेपट, रंगभूषावाले, दिवेवाले, सगळे बोळात ओळीने उभे. टाळ्या वाजायला लागल्या. कुणी फुलांचा गुच्छ पुढे केला, कुणी मिठी मारायला हात पसरले. सगळ्यांच्या डोळ्यांत खरं पाणी होतं, यात काही खोटं नव्हतं. म्हणून तर वहिनीला आणखी धडकी भरली. ती नणदेच्या पुढे आडवी उभी राहिली आणि हातातली पिशवी ढालीसारखी धरून म्हणाली, "लांबून करा. प्रेम लांबूनही पोचतं."

लोक हसले, मागे सरले. हवालदार आणलाय आत्याने, असं कुणीतरी म्हणालं. म्हणू दे, वहिनीने मनात म्हटलं.

खोली मात्र कबूल केल्याप्रमाणे रिकामी होती. नट आला. चांगला उंच, दिसायला राजबिंडा. मास्क होता, पण बोलता बोलता दोनदा खाकरला. वहिनीने मान वर करून पाहिल्यावर म्हणाला, तालमीत ओरडून घसा बसलाय, बाकी काही नाही. वहिनीने त्याला खिडकीकडे तोंड करून उभं केलं.

मग कामाला सुरुवात झाली. आत्या खुर्चीतून सांगत होती, वहिनी टाचत होती. वहिनीचा हात स्वयंपाकाचा, बागेचा, हिशेबाचा. पण अंगावरच्या कापडाला टाचणी लावायचा नव्हे. ती जपून लावायला गेली की कापड चुरमडायचं, घाईने लावली की नट हाय म्हणायचा. अखेर कशीबशी बाही बसली. नटाने काखेतली गाठ ओढली. दोरा अर्ध्यात अडकला. न्यायाधीशाचा अर्धा कोट खाली आला आणि अर्धा खांद्यावर फाटक्या पडद्यासारखा लोंबत राहिला. दारातून डोकावणाऱ्या मॅनेजरने घड्याळाकडे पाहिलं.

तेवढं पुरे झालं. आत्या उठली. "सरक," एवढंच म्हणाली. दोन्ही हात कापडात गेले, आणि कापडात हात गेलेल्या शिंप्याला टाचण्या ठेवायला जागा एकच उरते. जन्मभराची सवय. तिने मास्क हनुवटीखाली ओढला, आरशापुढच्या बशीतल्या मूठभर टाचण्या उचलल्या आणि ओठांत धरल्या.

त्या बशीत सगळ्या थिएटरचे हात रोज जात होते. पडलेल्या टाचण्या जमिनीवरून उचलून त्यातच टाकत होते.

वहिनी ओरडली असती, पण ओरडून आत्या दचकली असती आणि टाचणी घशात गेली असती. ती जागच्या जागी उभी राहिली. नट अगदी जवळ, आत्याचं तोंड त्याच्या काखेशी, आणि तो पुन्हा खाकरला. आत्या एकेक टाचणी ओठांतून काढत होती, लावत होती, कापड झुळझुळीत पडत होतं. शेवटची टाचणी काढताना ती ओठाला लागली. रक्ताचा थेंब आला. साधा थेंब, पण थांबेना. रुमाल दाबून धरला तरी बराच वेळ झिरपत राहिला.

"गाठ ओढ," आत्या रुमालाआडून म्हणाली. नटाने ओढली. कोट पाण्यासारखा खाली ओघळला. बोळातून टाळ्या आल्या.

घरी येताना वहिनी एक अक्षर बोलली नाही. कोट मांडीवर घेऊन बसलेली आत्याच मग म्हणाली, की बोल काय बोलायचं ते, गप्प बसलीस की तू माझ्या आईसारखी दिसतेस.

पुढचे दोन दिवस वहिनी डोळ्यांत तेल घालून होती. सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर. आत्याने चुळा भरल्या, मुकाट सूप प्यायलं, मधून मधून झोपली आणि उरलेल्या वेळात टाचण्यांच्या जागी पक्के टाके घातले. ताप नव्हता. ओठावर नुसता काळसर ठिपका राहिला. वहिनीला वाटलं, सुटलो. प्रयोगाच्या दिवशी सकाळी ती उठली तेव्हा आत्या आधीच बाहेरच्या खोलीत कामाला बसली होती. आज मीच लावून पाहिलं, ताप नाही, असं तिने तिथूनच सांगितलं आणि प्यायला पाणी मागितलं. वहिनीने पेला नेऊन दिला. दुपारी जेवणानंतर पुन्हा एकदा दिला.

त्यानंतर भांडी आवरून ती बाहेरच्या खोलीत आली, तर आत्या शिवणाच्या टेबलावर ओणवी होती आणि तिच्या सदऱ्याची पाठ चिंब भिजली होती. टोपीच्या कडेने घामाचे ओघळ मानेवर येत होते. कोटावर पडू नयेत म्हणून ती सारखी बाहीने कपाळ टिपत होती.

"एवढा घाम कसला?"

"इस्त्री चाललीय ना. वाफ केवढी असते."

वहिनी टेबलाजवळ आली. इस्त्री कोटाच्या कॉलरला टेकली होती, ती बाजूला करायला म्हणून तिने हात घातला. बूड चुकून बोटांना लागलं. तिने हात मागे घेतला नाही, कारण घेण्याची गरजच नव्हती. इस्त्री गार होती. दगडासारखी गार. वायर गुंडाळून ठेवलेली होती.

दोघींची नजरानजर झाली नाही. वहिनीने इस्त्री जागेवर ठेवली, आत जाऊन थर्मामीटर आणलं आणि आत्याच्या जिभेखाली दिलं. अठ्ठ्याण्णव आणि वर थोडं.

"बघ," आत्या म्हणाली. "ताप नाही."

पण थर्मामीटर परत देताना तिचे दात एकमेकांवर आपटले. थोडेच, आणि लगेच तिने जबडा आवळला.

आता हिला हॉस्पिटलचं नाव काढलं तर ही दाराला कुलूप लावून किल्ली गिळेल, हे वहिनी ओळखून होती. जन्मात कधी खोटं बोलायची वेळ आली की तिची जीभ अडखळायची. आज अडखळली नाही. मॅनेजरचा फोन आला होता म्हणाली, नट लवकर आलाय, कोट एकदा अंगावर बघायचाय, उरलेले टाके तिथेच बसून घाला. आत्याने सुईत दोरा ओवून घेतला, कोट उराशी धरला आणि खाली उतरली. जिने उतरताना तिने कठड्याला धरलं. आत्याने आजवर कठडा कधी धरला नव्हता.

टॅक्सीत बसण्याआधीच वहिनीने ड्रायव्हरला हळूच पत्ता सांगितला होता. आत्या डोळे मिटून बसली. चौकात टॅक्सी उजवीकडे वळली तेव्हा तिने डोळे उघडले.

"थिएटर डावीकडे आहे."

"हो."

"वहिनी, टॅक्सी वळव."

"नाही वळवणार."

आत्या मग जे बोलली ते कापणारं होतं. तू पहिल्यापासून माझ्यावर टपलेली आहेस, माझं काम तुझ्या डोळ्यांत खुपतं, तुला मी पलंगावरच बरी, उशाशी सूप घेऊन मिरवायला. थर्मामीटरने तुझ्यासमोर सांगितलं ना, मग तू कोण ठरवणार? ड्रायव्हर आरशातून पाहत होता. वहिनी खिडकीबाहेर बघत राहिली. तिचे हात पिशवीच्या बंदावर घट्ट होते. आपण चुकत असलो तर, हाही विचार तिच्या मनात येत होता. इस्त्री गार होती, एवढाच काय तो तिच्याजवळ पुरावा.

इमर्जन्सीच्या खिडकीपुढे तोबा गर्दी होती. बाकांवर लोक दाटीने बसले होते, कुणी खोकत होतं, कुणाचं मूल ओकत होतं. वहिनीने नणदेला दारातच, वाऱ्याच्या तोंडाशी उभं केलं आणि रांग तोडून पुढे गेली. लोक काय काय बोलले. हिची केमो चालू आहे, हिला या बाकावर बसवता येणार नाही, असं तिने काचेवर टकटक करून सांगितलं. आवाज चढला तो तिचा तिलाच परका वाटला.

सिस्टर तरुण होती, सकाळपासून उभी असावी. तरी ती उठून बाहेर आली. तिने आत्याला थर्मामीटर लावलं, नाडी पाहिली. ताप नाही, म्हणाली. नाडी जरा जलद आहे, पण धावपळ करत आलात म्हणून असेल. या गर्दीत थांबलात तर नसलेलं काही घेऊन जाल. घरी जा, शंभराच्या वर गेलं की लगेच या. तिचं काही चुकत नव्हतं. आकडा जे सांगत होता तेच ती सांगत होती.

आत्याने वहिनीकडे पाहिलं. झालं समाधान, असं त्या नजरेत होतं. आत्ता निघालं तर प्रयोग गाठता आला असता.

सिस्टर वळली. वहिनीने तिची बाही धरली, पण बोलली ती नणदेशी.

"वन्सं, इतक्या वर्षांत मी तुमची एक चहाडी केली नाही. आज करेन. चारचौघांत करेन. पण मला नुसता संशय आहे. गोळी घेतली का, कधी घेतली, हे तुमच्या एकटीच्या पोटात आहे. मी सांगून यांनी ऐकायचं कशाला? तुम्ही बोला."

आत्याने कोट आणखी जवळ घेतला. मागून कुणीतरी म्हणालं, बाई, तुमचं आटपा. सिस्टरने बाही सोडवून घेतली नाही, पण तिची नजर रांगेकडे गेली होती. वहिनीने नणदेच्या हातातल्या कोटाकडे पाहिलं. सकाळपासून सुई तिच्या बोटांत होती. कॉलरखालच्या शिवणीत एकही नवा टाका पडलेला नव्हता. कापडाला सुईची नुसती भोकं पडली होती, वेडीवाकडी, एखाद्या नवशिक्याने पाडावीत तशी. आत्याही तिकडेच बघत होती.

"हात चालेना गं," ती हळूच म्हणाली. मग मान वर करून सिस्टरला, नेहमीच्या आवाजात, जणू कुणाच्या तरी बाहीचं माप सांगावं तसं सांगितलं, "सकाळी एकशे एक होता. गोळी घेतली. दुपारी पुन्हा थंडी वाजली तेव्हा दुसरी घेतली. ताप लपवलाय मी."

त्यानंतर कुणी कुणाला वाट बघ म्हणालं नाही. चाकाची खुर्ची आली. काचेचं दार असलेली वेगळी खोली आली. एकीने रक्त काढलं, दुसरीने सलाइन जोडलं, डॉक्टर आत्याच्या ओठावरचा ठिपका निरखून बघत राहिले आणि मग दाराबाहेर येऊन त्यांनी वहिनीला विचारलं, गोळी घेतली तेव्हा घरात कोण होतं.

"मी होते," वहिनी म्हणाली. "दोन्ही वेळा पाणी मीच दिलं."

डॉक्टरांनी ते कागदावर टिपून घेतलं. रिपोर्ट यायला वेळ लागेल, पण रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू केलंय, असं म्हणाले. आत्ताच आलात ते बरं केलंत. उद्यावर टाकलं असतं तर मी काही सांगू शकलो नसतो. आताही रात्रभर लक्ष ठेवावं लागेल.

हात कोपरापर्यंत धुऊन, नवा मास्क लावून वहिनीला आत सोडलं. आत्या पांढऱ्या चादरीत एवढीशी दिसत होती. कोट खुर्चीवर पडला होता. वहिनीच्या पिशवीत फोन वाजायला लागला. मॅनेजर. वहिनी तो बंद करणार, तेवढ्यात आत्याने बोटाने खूण केली, की धर इकडे.

माणूस पाठवून कोट घेऊन जा, असं तिने त्याला सांगितलं. तो दुसरा टेलर आहे ना तुमचा, त्याला जवळ घ्या. मग ती त्या कधी न पाहिलेल्या माणसाला सांगू लागली. दोरा डाव्या काखेतून निघतो, पाठीवरून दोनदा फिरतो, कॉलरखाली मोकळा असतो. तिथले टाके राहिलेत. ते ढिले घाल, गाठ मारू नकोस, गाठ मारलीस तर भर प्रयोगात अडकेल. पलीकडून तो माणूस हो म्हणत होता, पुन्हा विचारत होता. आत्या पुन्हा सांगत होती. तिचा आवाज बसत चालला होता, पण एकही वळण तिने राखून ठेवलं नाही. सांगून झालं तेव्हा तिने फोन वहिनीच्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड केलं. वहिनीने तिला तसंच राहू दिलं.

खिडकीबाहेर उजेड कलला. गोळीचा अंमल उतरला आणि आत्याला हुडहुडी भरली, अशी की पलंगाच्या कड्या वाजायला लागल्या. वहिनीने अंगावर आणखी एक पांघरूण टाकलं, तिचे पाय दोन्ही हातांत धरून ठेवले. सिस्टर आली, थर्मामीटर लावलं, वाचलं, आणि भिंतीवरच्या पाटीवर आकडा मांडून सलाइनचा वेग बघून गेली. एकशे दोन.

इतके दिवस वहिनी सकाळ-संध्याकाळ या आकड्याला घाबरत आली होती. आता तो समोर, उघड्यावर, औषधाच्या बाटलीशेजारी होता. तिने मोठा श्वास घेतला. मग लगेच तिला त्याची लाज वाटली, आणि तिने पाय आणखी घट्ट धरले.

"पडदा वर गेला असेल," आत्या डोळे मिटूनच म्हणाली.

"गेला असेल."

"आणि माझा किती?"

"एकशे दोन."

आत्या थोडा वेळ थरथरत राहिली. "आई असती तर तिला सांगितलं असतं," ती म्हणाली, "की तुझी सून खोटं बोलून मला भलतीकडे घेऊन आली."

"सांगा की," वहिनी म्हणाली. "पण आत्ता नको. आधी बऱ्या व्हा, मग सवडीने सांगा."

 आत्याने नुसता एक पाय वहिनीच्या हातातून सोडवून घेतला, पांघरुणात नीट गुंडाळला, आणि पुन्हा तिच्या हातात दिला.